राणीनं चंद्राला काय वाढलं

लेओन, १२ ऑक्टोबर

श्रीयुत वेंसेस्लाओ पिचार्दो यांस,

ढोल एकदम थांबायचा, आठवतं? कवन म्हणणाऱ्यानं हात वर केला की ढोल गप्प, गल्ली गप्प, आणि त्या शांततेत एकच आवाज उरायचा: आपल्या नाचत्या राणीच्या, दोन्या रुफिनाच्या कर्णफुलांची किणकिण. बाटल्यांची पत्र्याची बुचं ठोकून चपटी केलेली ती कर्णफुलं. राणीची गिरकी थांबली तरी ती थांबत नसत. त्यांचा शेवटचा थेंब पडला की मी तोंड उघडायचो.

परवा तो आवाज मी पुन्हा ऐकला. भर दुपारी, नगर वाचनालयाच्या जिन्यात. आपल्या जुन्या शाळेचं छप्पर उतरवलं, तेव्हा अडगळीच्या खोलीत रुफिना सापडली. एक कान उंदरांनी खाल्लाय. बाकी बाई जशीच्या तशी: मी कागदाच्या लगद्यातून घडवलेलं ते गर्विष्ठ डोकं, तुम्ही ठोकलेला लाकडी सांगाडा आणि तो फुलाफुलांचा घागरा, ज्याच्या आत शिरून तुम्ही तिला नाचवायचात.

छे, चेलाओ, हे ‘तुम्ही’ मला झेपत नाही. पहिल्या पानापुरतं ठीक होतं. तू.

तर ऐक. सेनेयदा ओकोन आठवते का? कविता म्हणताना तिला उचकी लागायची. ती आता वाचनालयाची ग्रंथपाल आहे. वरच्या मजल्यावर तिनं एक दालन सजवायला घेतलंय: मध्य अमेरिकेच्या साहित्याचा आणि कलांचा खास संग्रह. ग्वातेमालाच्या हातमागाच्या कापडात बांधलेल्या कवितांच्या चोपड्या आहेत. एल साल्वादोरची एवढीशी बी आहे, तिच्यावर अख्खं गाव रंगवलंय, बैलासकट. तू राहतोस त्या कोस्ता रिकाच्या बैलगाडीचं नक्षीदार चाक आहे. आणि आपल्या लेओनकडून? आपल्याकडून रुफिना.

पाच डिसेंबरला दालन उघडणार. रुफिनाशेजारी एक पाटी लागेल आणि पाटीवर तिचं सगळ्यात गाजलेलं कवन. सेनेयदानं तीन ओळी लिहून माझ्यापुढे ठेवल्या आणि चौथीपाशी पेन्सिल धरून बसली:

*चंद्र आला दाराशी, म्हणे, भूक लागली फार,*
*राणी म्हणे, ये रे बाबा, उघडंच आहे दार;*
*फिरून फिरून दमलास, तुझे पाय झाले गार,*
*बस इथे, मी वाढते तुला —*

काय वाढते, ते मला ठाऊक आहे. तुलाही ठाऊक आहे. अडचण एवढीच, की दोघांना वेगवेगळं ठाऊक आहे.

कळावे,
इलारियो सार्रिया
(भाषेचा मास्तर, निवृत्त. कवितेतून नव्हे.)

लेओन, २७ ऑक्टोबर

चेलाओ,

पहिल्या पत्राला उत्तर नाही. पण पत्र परतही आलं नाही, म्हणजे तू ते वाचलंस आणि मिशीत हसलास. मिशी अजून आहे ना?

काल सेनेयदाशी माझं वाजलं.

“गुरुजी, पाटीवर काय लिहू? ‘आसवांची धार’ की ‘भाकऱ्या चार’?”

“कवन मी रचलं. आसवांची धार.”

“पण सगळ्या गावाला दुसरंच पाठ आहे.”

“गावाला पाढेसुद्धा चुकीचे पाठ असतात.”

“पाढे तर चेलाओ गुरुजी शिकवायचे ना?” पोरगी साळसूदपणे म्हणाली. उचकी गेली, जीभ मात्र वाढली.

तिनं काय केलंय माहीत आहे? लाबोरियो वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांना एकेक करून वाचनालयात बोलावलं, गार हिबिस्कसचं सरबत पाजलं आणि कवन म्हणायला लावलं. न्हाव्यानं म्हटलं, भाकऱ्या चार. चर्चची घंटा वाजवणाऱ्यानं म्हटलं, भाकऱ्या चार. आसवांच्या बाजूनं एकच मत पडलं, ते माझ्या घरमालकिणीचं, आणि ती ठार बहिरी आहे. तिला ते मीच कधीतरी कानात ओरडून सांगितलं होतं.

तो दिवस मला काल घडल्यासारखा दिसतो. तारमास्तरांचं अंगण, खुर्च्या टाकलेल्या, पोरं कठड्यावर. मी तीन ओळी म्हटल्या आणि चौथीच्या मध्यावर थांबलो. मुद्दाम. कवितेत विराम कुठे घ्यावा हे मला कळतं, लोकांचा श्वास अडकला होता. आणि त्या विरामात रुफिना बोलली! राणी कधी बोलत नसते, चेलाओ. शंभर वर्षांत लेओनमधली एकही राणी बोलली नव्हती. घागऱ्याच्या आतून तुझा घोगरा आवाज आला: “भाकऱ्या चार!”

तारमास्तरीण हसून हसून खुर्चीवरून घसरली. ढोलवाला ढोल सोडून उकिडवा बसला. मी तसाच हात वर करून उभा, माझी आसवं घशात.

नंतर कोपऱ्यावर मी म्हणालो, “चंद्रासमोर भाकरी? अरे, कविता आहे की खानावळ?”

आणि तू घाम पुसत म्हणालास, “उपाशी माणसाला आसवं वाढतात का रे, इलारियो? बाकी मीठ कमी पडायचं नाही म्हणा.”

“अंकगणिताचा मास्तर तू! कवितेतही आकडा घुसवलास!”

“तुझ्या कवितेत मोजण्यासारखं काहीतरी यावं म्हणून.”

त्याच्या पुढच्या जानेवारीत तू कोस्ता रिकाला मामाच्या वखारीचे हिशेब बघायला गेलास. मी निरोप द्यायला आलो नाही, तू निरोप घ्यायला आला नाहीस. लोक बांधावरून भांडतात, विहिरीवरून भांडतात. आपण यमकावरून भांडलो आणि केस पांढरे केले. बाहेरच्या माणसाला सांगितलं तर त्याचा विश्वास बसायचा नाही. लेओनच्या माणसाला सांगितलं तर तो विचारतो, “मग बरोबर कोण होतं?”

बरोबर मीच होतो. तरीही पाच तारखेला ये. मला रुफिनाला एकदा नाचताना बघायचंय. वय झालं की माणूस पैसाअडका मागत नाही, एखादा आवाज मागतो.

इलारियो

लेओन, १० नोव्हेंबर

चेलाओ,

रुफिनाला नाचवायला माणूस मिळत नाही! गावात तरणीताठी पोरं ढिगानं, प्रत्येक गल्लीत अशी एक उंच नाचती राणी, एक हिगांतोना, संध्याकाळ झाली की ढोलांनी कान किटतात. पण आपल्या बाईचा सांगाडा तू तुझ्या खांद्याच्या मापानं ठोकलास, आणि तुझे खांदे, माफ कर, जमिनीपासून फार लांब नव्हते.

पहिला आला तो सुताराचा मुलगा, नारळाच्या झाडासारखा. सरळ उभा राहिला, तर राणीच्या घागऱ्याखाली गुडघ्यापर्यंत निळी पँट आणि बूट. गुडघे वाकवले, तर घागरा जमिनीला टेकला, पण मग पोराला पाऊल उचलता येईना. वर दालनाच्या कमानीवर रुफिनाचं कपाळ आपटलं. तिनं ते सोसलं. तिनं याहून वाईट कवनं सोसली आहेत. दुसरा त्याच्याहून उंच. तिसरा न्हाव्याचा पुतण्या, मापाला अगदी बरोबर, पण नाचला कसा, तर कपाट सरकवल्यासारखा.

मी म्हटलं, “सेनेयदा, सोपं आहे. घागऱ्याला खालून वीतभर कापड जोड.”

“नाही गुरुजी. ती आता संग्रहातली वस्तू आहे. तिला ना सुई लागणार, ना कात्री.”

“उंदीर लागले ते चाललं?”

“ते संग्रहात येण्याआधी.”

ती पांढरे हातमोजे घालून रुफिनाला हात लावते. पांढरे हातमोजे! अरे, जिच्यावर रमच्या बाटल्या उपड्या झाल्या, जिच्या घागऱ्यात एकदा फटाका शिरला आणि तू आतल्या आत शिव्या देत तिला तशीच नाचवलीस, त्या बाईला आता उघड्या बोटांनी शिवायचं नाही. मी हसलो, तर सेनेयदाला राग आला. मग तिनं मला हातमोज्यांचा एक जोड दिला. मी तो घातला आणि रुफिनाचा हात हातात घेतला, मोठ्या घरच्या लग्नात घेतात तसा. तेव्हा सेनेयदाही हसली.

खरं सांगू? रुफिना तिथे फार रुबाबदार दिसते. खिडकीतून ऊन येतं, ज्वालामुखीकडून आलेली राखेची धूळ त्यात तरंगते, आणि बाई चाकाच्या अन् चोपड्यांच्या मध्ये उभी. पण उभी, चेलाओ. हिगांतोना उभी राहिली की बाहुली होते. कर्णफुलं गप्प आहेत.

सेनेयदानं माझ्याकडून तुझ्या मुलीचा, मिरेयाचा फोन नंबर मागून घेतला. म्हणाली, संग्रहासाठी सांगाड्याची माहिती हवी, लाकूड कोणतं वगैरे. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, बोलणं झालं का, तर म्हणाली, “झालं. देवदार.” आणि तोंड फिरवून खोकली. देवदार या शब्दात खोकण्यासारखं काय आहे, कळलं नाही. मिरेया माझी धर्मकन्या, बाप्तिस्म्याच्या वेळी माझ्याच हातांत रडली होती. तिला माझा आशीर्वाद सांग. तुला नाही. तुला आल्यावर.

इलारियो

लेओन, २१ नोव्हेंबर

चेलाओ, मित्रा,

आज सकाळी एक गोष्ट झाली आणि तेव्हापासून मी घरात फेऱ्या मारतोय.

कोपऱ्यावरच्या बाईकडून मी रोज मक्याच्या तीन भाकऱ्या घेतो. तव्यावरून थेट माझ्या फडक्यात. आज ती म्हणाली, “गुरुजी, चौथी घ्या. नेहमीचं एक गिऱ्हाईक आलं नाही, वाया जाईल.”

घरी आलो. ताटात तीन मांडल्या आणि चौथी वर ठेवली. आणि माझा हात तिथेच राहिला.

आईचा तवा दिसला मला. दोन्या चेपिताचा तो मोठा काळा तवा, अंगणात, चिंचेखाली. तालमीनंतर आपण घामानं चिंब होऊन यायचो आणि ती मोजून वाढायची. मला तीन. तुला चार. मी कुरकुर करायचो, “आई, मुलगा मी आहे की हा?” आणि ती म्हणायची, “तू नुसता बोलतोस. तो राणीला उचलतो.”

चार, चेलाओ.

ज्या वर्षी मी ते कवन रचलं, त्याच वर्षी आई गेली होती. दारी आलेल्याला ती रिकामं पाठवत नसे, म्हणून तर राणीचं दार उघडं. आणि ती गेल्यावर माझ्याकडे वाढायला काय उरलं, तर आसवं. मी कुणाला सांगितलं नव्हतं, कवितेत लपवलं होतं. मला वाटलं, कुणाला कळायचं नाही.

तुला कळलं होतं. घागऱ्याच्या आत, त्या अंधारात, ती राणी कोण आहे हे तू ओळखलंस आणि ती काय वाढायची तेही सांगितलंस. तू यमक जुळवलं नव्हतंस. तू तिला हाक मारली होतीस. आणि मी इतकी वर्षं समजत होतो, की अंकगणिताचा मास्तर थट्टा करतोय.

बोलला का नाहीस, गाढवा? की बोलला होतास आणि मी ऐकलं नाही? जाऊ दे. आज मी एकटाच मोठ्यानं हसलो. डोळेही वाहत होते, म्हणजे दोन्ही पाठ एकदमच चालू होते. चौथी भाकरी मी तुझ्या नावानं खाल्ली. थोडं मीठ लावून.

दुपारी तडक वाचनालयात गेलो. म्हटलं, “सेनेयदा, पाटीवर लिही. भाकऱ्या चार.”

तिनं पेन्सिल उचलली नाही. “थांबा गुरुजी. अजून एका ठिकाणचं उत्तर यायचंय.”

“कुठलं?”

“संग्रहाचं काम आहे. घाई करून चालत नाही.”

आता मी हरायला तयार आहे, तर मला हरू देत नाहीत. ये रे. गुडघे दुखत असतील तर सावकाश ये. नाचू नकोस, नुसता तिच्याशेजारी उभा राहा.

तुझा इलारियो

लेओन, ६ डिसेंबर

चेलाओ,

काल दालन उघडलं. तू आला नाहीस.

तक्रार करत नाही, हकिगत सांगतो. माणसं जिन्यावर मावत नव्हती. त्या रंगवलेल्या बीसमोर भिंग ठेवलं होतं, तिथे पोरांची झुंबड. तुमच्या बैलगाडीच्या चाकापाशी एका शेतकऱ्यानं विचारलं, “दुसरं चाक कुठाय?” सेनेयदा म्हणाली, “संग्रहात एकच असतं.” तो म्हणाला, “म्हणूनच गाडी पुढे जाईना.” मला ते वाक्य फार आवडलं.

मी नवा पांढरा सदरा घातला होता. रुफिनाशेजारी उभा राहून कवन म्हटलं. राणी हलली नाही. चौथ्या ओळीच्या मध्यावर मी थांबलो. विराम घ्यायला नव्हे. त्या विरामात तुझा आवाज यायची सवय कानांना अजून आहे, इतकंच. मग लोकांनीच ओळ पुरी केली, अर्ध्यांनी मोठ्यानं, अर्ध्यांनी तोंडात नुकत्याच घातलेल्या मक्याच्या नाकातमालच्या घासासकट. टाळ्या झाल्या. पाटीवर चौथी ओळ अजून कोरीच आहे, बरं का.

सेनेयदा दिवसभर कासावीस होती. सारखी खिडकीतून बसथांब्याकडे बघत होती. मी घरी निघालो, तेव्हा मागून धावत आली.

“गुरुजी, सात तारखेला संध्याकाळी घरीच असाल ना?”

“पुरिसिमाच्या सणाला घर सोडून जाऊ कुठे? देव्हारा मांडायचाय, संत्री आणायचीत.”

“मग झालं. कुठे जाऊ नका.” आणि तिला उचकी लागली. इतक्या वर्षांनी!

काय शिजतंय कोण जाणे. आज मी ऊस तोडून ठेवला, भोपळा गुळाच्या पाकात शिजवला. शेजारीण म्हणते जास्त गोड झालाय. यंदा सगळंच थोडं गोड होतंय माझ्या हातून.

तुझा,
इलारियो

लेओन, ८ डिसेंबर, सकाळ

अरे लबाडा!

काल संध्याकाळी सहाला चर्चच्या घंटा झाल्या, फटाक्यांनी आभाळ पांढरं झालं आणि गल्ल्या माणसांनी भरल्या. माझ्या देव्हाऱ्यासमोर टोळीमागून टोळी येत होती. एवढा आनंद कशाचा म्हणून ओरडायचं, उत्तरात देवमातेचं नाव ओरडायचं, संत्रं घ्यायचं, ऊस घ्यायचा, पुढे. एका पोरीनं मला तीनदा फसवलं, दर वेळी वेगळी टोपी घालून. तिसऱ्यांदा मी तिला भोपळा दोनदा वाढला. मेहनतीचं फळ.

मग गर्दी जरा पांगली. मी दार लोटून घेतलं, उरलेली संत्री मोजत होतो. तेवढ्यात कोपऱ्यावरून ढोल आला.

ढोल यावेत यात काय नवल? पण हा ढोल कुणीतरी नवशिका वाजवत होता, एक ठोका पुढे, एक मागे. माझ्या दारासमोर आला आणि थांबला.

आणि चेलाओ, त्या शांततेत किणकिण झाली. पत्र्याची. एका कानाची नव्हे, दोन्ही कानांची.

दार उघडलं. पूर्ण चौकट भरून रुफिना! तिचा चेहरा बघायला मला खाली वाकून वर बघावं लागलं. उंदरांनी खाल्लेल्या कानाच्या जागी दुसरं कर्णफूल दोरीनं बांधलेलं. घागरा जमिनीला असा टेकलेला, की बुटाचं टोकही दिसत नव्हतं. शेजारी सेनेयदा गळ्यात ढोल अडकवून उभी, हातात पांढरे हातमोजे! मागे वाचनालयाचा पहारेकरी, राणीच्या जोडीला नाचतो त्या मोठ्या डोक्याच्या बुटक्याचा मुखवटा चढवून, त्यातून घामाच्या धारा.

“सेनेयदा! संग्रहातली वस्तू रस्त्यावर?”

“दुसऱ्या चाकाशिवाय गाडी पुढे जात नाही, गुरुजी,” ती म्हणाली आणि ढोल बडवला.

आणि राणी नाचली. काय नाचली! तुझी ती डाव्या पायावरची गिरकी, जी तू कुणालाच शिकवली नव्हतीस. हात दोन्हीकडे भिरभिरले, शेजारणीच्या खिडकीतली कुंडी उडाली, शेजारीण ओरडली, “अजून एक आहे, तीही घे!” अख्खी गल्ली धावत आली. बहिरी घरमालकीणसुद्धा बाहेर आली. म्हणाली, जमीन हलतेय म्हणून कळलं.

मी हात वर केला. ढोल गप्प. किणकिण, किणकिण, आणि शेवटचा थेंब.

मी कवन म्हटलं. पहिली ओळ, दुसरी, तिसरी. चौथीच्या मध्यावर थांबलो नाही. यंदा विराम घ्यायचा नाही, तुझी ओळ माझ्या तोंडून स्वच्छ जाऊ द्यायची, असं मी कधीचं ठरवून ठेवलं होतं. छाती भरून ओरडलो, “भाकऱ्या चार!”

त्याच क्षणी घागऱ्याच्या आतून, माझ्याइतक्याच जोरात आवाज आला: “आसवांची धार!”

दोघं एकदम, दोन वेगळे पाठ, आणि दोन्ही उलटे. मग तो हशा उठला, चेलाओ, मला वाटतं तुला तिकडे ऐकू गेला असेल.

आवाज तुझा नव्हता. बाईचा होता. घागऱ्याला समोर जाळीची खिडकी आहे ना, तिच्याआड दोन डोळे दिसले आणि डोळ्यांवर त्या भुवया, सुरवंट बसल्यासारख्या. त्या भुवया मी कितीतरी वर्षं शाळेच्या फळ्यासमोर सोसल्यात. घागऱ्याचा पुढचा पदर वर झाला आणि आतून एक बुटकी, रुंद खांद्यांची तरुण मुलगी बाहेर आली, केस कपाळाला चिकटलेले, पाठीला प्रवासाची पिशवी तशीच.

“गुरुजी, मी मारिसेल. मिरेयाची मुलगी. पाच तारखेलाच पोचायचं होतं, पण सीमेवर बस अडकली.” तिनं श्वास घेतला. “आजोबांना आता जिना चढवत नाही. तुमची सगळी पत्रं मी त्यांना मोठ्यानं वाचून दाखवली. भाकरीचं पत्र दोनदा. तीन आठवडे त्यांनी मला परसात गिरकी शिकवली, झुलत्या खुर्चीत बसून, काठीनं ठोके देत. निरोप एवढाच होता, की इलारियोचा शब्द इलारियोच्या दारात मोठ्यानं म्हण. तो म्हणून झाला.”

मी सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले. आसवांची धार म्हणशील तर होती.

मारिसेलनं माझ्या खांद्यावरून आत, स्वयंपाकघराकडे वाकून पाहिलं. “गुरुजी, फिरून फिरून पाय गार पडलेत. आणि भूक लागली फार.”

ती मुद्दाम म्हणाली की सहज, अजून कळलेलं नाही. मी बाजूला झालो आणि म्हणालो, “ये गं बाळ. उघडंच आहे दार.”